मारुतीच्या कमरेला किती क्युसेक?

माझी मामेबहीण अमेरिकेत फ्लोरिडात, टँपा शहराजवळ राहते. २०२४ साली ऐन नवरात्रात तिचा फोन आला. "दादा, आम्ही घर सोडून निघतोय. उगाच बातम्या बघून घाबराल, म्हणून आधीच सांगतेय." मिल्टन नावाचं चक्रीवादळ, त्यांच्याकडच्या भाषेत हरिकेन, मेक्सिकोच्या आखातातून त्यांच्या किनाऱ्याकडे निघालं होतं. मी नाशिकचा माणूस, त्यातून गंगेकाठी वाढलेला. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पाणी कुठपर्यंत येईल तुमच्याकडे?" ती म्हणाली, "आम्ही बी झोनमध्ये आहोत. ए आणि बीला निघायला सांगितलंय."

मी पाण्याचं विचारलं आणि तिने एक अक्षर सांगितलं. तेव्हा ते जरा तुटकच वाटलं. नंतर ध्यानात आलं की पूर्ण उत्तर तेच होतं. समुद्राचं पाणी चढलं तर आधी कोणाच्या दारात येईल आणि नंतर कोणाच्या, त्यानुसार तिथल्या किनारपट्टीच्या धोक्यातल्या प्रत्येक घराला आधीच एक अक्षर दिलेलं असतं. वाऱ्याचा वेग, वादळाची श्रेणी, हवेचा दाब, हे सगळं टीव्हीवर चालू असतं, पण घर सोडायचं की नाही हे ठरवायला माणसाला आपलं अक्षर ठाऊक असलं की पुरतं. 'पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा' अशी तिकडे म्हणच आहे. वारा असेल तर भक्कम घरात दडी मारा, पाणी येणार असेल तर घर कितीही भक्कम असो, निघा.

तिच्या शेजारचे एक आजोबा मात्र निघाले नाहीत. त्यांची स्वतःची एक बखर होती. २००४ साली चार्ली टँपावर येणार म्हणून लोकांना हलवलं, ते ऐन वेळी वळलं आणि दक्षिणेला पुंटा गोर्डावर आदळलं. २०१७ ला इर्माचा गवगवा झाला, टँपापर्यंत येता येता तिचा जोर उतरला. २०२२ ला इयान येणार होतं, तेही वळलं आणि फोर्ट मायर्सची दैना झाली. टँपाच्या खाडीवर मोठं वादळ थेट आदळलं ते १९२१ साली, आणि ते पाहिलेलं आता कोणी राहिलेलं नाही. तिथल्या मूळ रहिवाशांनी रचलेले मातीचे उंचवटे गावाला राखतात अशी एक समजूतही त्या भागात आहे. रामाच्या पंचवटीत वाढलेल्या माणसाने तिला हसू नये.

बरं, मिल्टनच्या जेमतेम दोन आठवडे आधी हेलेन येऊन गेलं होतं. ते टँपापासून कितीतरी दुरून, समुद्रातून गेलं. वारा बेताचाच लागला, पण समुद्र घरांत शिरला आणि खाडीतल्या पाण्याने जुने उच्चांक मोडले. भिजलेले सोफे, गाद्या, फुगलेली कपाटं अजून रस्त्याच्या कडेला पडून होती. आता हेच ढीग वाऱ्याने उडून लोकांच्या काचा फोडतील म्हणून ते उचलायची धावपळ चालली होती. बहीण म्हणाली, "काल शेजारच्या बाईने तिचा फुगलेला पियानो जाताना एकदा वाजवून बघितला." आणि शेवटी झालं काय? मिल्टनही वळलं. ९ ऑक्टोबरच्या रात्री ते दक्षिणेला सिएस्टा कीवर उतरलं. टँपाच्या खाडीत पाणी चढायच्या ऐवजी उलट ओसरलं, तळ उघडा पडला. त्याच रात्री खाडीपलीकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांच्या वर पाऊस कोसळला, आणि समुद्राकडे डोळे लावून बसलेल्यांच्या दारात पाणी आलं ते आभाळातून.

बी झोनमधले आजोबा पुन्हा एकदा बरोबर ठरले. मला भीती वाटते ती त्यांच्या या बरोबर ठरण्याचीच.

कारण हे आजोबा माझ्या ओळखीचे आहेत. जुन्या नाशकात गल्लीगल्लीत एक आहेत. आमच्या घरात माझे वडील होते.

भांडी बाजाराजवळ आमचं तांब्या-पितळेचं दुकान. वाड्याचा तळमजला, दर्शनी भागात सागाचा खांब, आणि त्या खांबावर आजोबांनी पटाशीने कोरलेली आडवी खूण. खाली आकडा, १९६९. माझ्या छातीच्या जरा वर येते. आमचं सगळं पूरशास्त्र त्या खुणेत होतं. खुणेच्या वर फळी, फळीवर चोपड्या, वजनकाटा आणि जर्मनचे डबे. खुणेच्या खाली तांबं-पितळ, कारण ते भिजलं तरी मरत नाही.

१९ सप्टेंबर २००८ ला वडील सकाळी घाटावर जाऊन मारुती बघून आले. गंगेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुतीचा पुतळा ही आमच्या शहराची पूरमापनाची काठी. पाणी गुडघ्याला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचला, कमरेला म्हणजे काठच्या पेठांनी आवरायला घ्या, छातीला म्हणजे आता वर चढा. नारोशंकराच्या देवळापाशी पाणी कुठवर आलं, हा दुसरा पुरावा. वडील म्हणाले, "कमरेच्या वर गेलंय. चला, आवरा." मग ठरलेला क्रम. हंडे एकात एक घालायचे, समया धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर द्यायच्या, पातेल्यांचे उभे थर दोरीने खांबाला बांधायचे, म्हणजे तरंगत बाहेर जात नाहीत. शटरच्या फटीत गोणपाट कोंबून त्यावर चिखल थापायचा. हे पाणी अडवायला नसतं, पाणी येतंच. गाळ कमी यावा म्हणून. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो पितळेच्या नक्षीत जाऊन बसला की चिंचेच्या पाण्याने चार-चारदा घासूनही काळपट राहतो, आणि मग ती समई कोणी लग्नात द्यायला घेत नाही, मोडीतच जाते.

त्या दिवशी पाणी दुकानात आलं, कमरेइतकं आलं, आणि खुणेच्या खाली थांबलं. वडिलांनी खांबावर हात ठेवला, जसा देवाच्या पायावर ठेवतात. "एकोणसत्तरच्या वर जात नाही," म्हणाले.

आणि मग काही वर्षांनी जूनच्या एका दुपारी आमचं दुकान बुडालं तेव्हा नाशिकच्या वरच्या अंगाचं गंगापूर धरण तळाला गेलेलं होतं. विसर्ग शून्य. गंगेला ओंजळभर पाणी. तासभर पाऊस असा कोसळला की दहीपुलाकडून, जिथून सरस्वती नाला गावाच्या पोटातून बंदिस्त वाहतो, तिथून पाणी उसळलं आणि सराफ बाजाराकडून गल्ल्यांत घुसलं. वडील पुढच्या दाराशी उभे राहून गंगेच्या दिशेने बघत होते. पाणी मागच्या मोरीतून आलं. चोपड्या त्या वेळी खाली होत्या, कारण मारुतीचे पाय कोरडे होते.

आठवण माणसाला तयार करते यात शंका नाही. वडिलांना ठाऊक होतं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. पण आठवणीला एकच दिशा ठाऊक असते. ती तिने पाहिलेल्या पुराकडे तोंड करून उभी असते.

माझं म्हणणं एवढंच, की नाशिकमध्ये पुराची आठवण ही खासगी मालमत्ता राहिली आहे. ती कोणाच्या खांबावर कोरलेली, कोणाच्या डोक्यात, कोणाच्या अल्बममधल्या ओल लागलेल्या फोटोत. शहराने ती कधी आपल्या नावावर करून घेतली नाही. आणि शहराकडे जी माहिती आहे ती अशा भाषेत आहे की तिचा कोणाच्या उंबऱ्याशी संबंध लागत नाही. ही दोन टोकं जोडणं हे सार्वजनिक काम आहे. ते झालेलं नाही, आणि करायला वेळही फार उरलेला नाही.

ती भाषा म्हणजे क्युसेक. पावसाळ्यात मोबाइलवर निरोप फिरतो, गंगापूरमधून विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. वीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेपाच लाख लिटरच्या वर; दहा हजार लिटरचे छप्पन्न टँकर दर सेकंदाला. कल्पना करून छाती दडपते, पण मला कळायला हवं ते यात कुठेच नाही. म्हसोबा पटांगणावर उभी असलेली माझी गाडी जाईल का? गाडगे महाराज पुलाखालून जाता येईल का? माझ्या पायरीवर पाणी येणार का, आणि किती वाजता? 'सतर्क राहा' म्हणजे नेमकं काय करायचं? रात्री जागं राहून नदीकडे बघायचं?

हे भाषांतर आज करतात ती घाटावरची म्हातारी माणसं. 'इतकं सोडलं म्हणजे तासा-दोन तासांत घाटावरचा रामसेतू पूल बुडणार,' असा त्यांचा हिशेब, आणि तो बऱ्याचदा जमतो. पण तो त्यांच्यासोबतच जाणार. शिवाय तो जुन्या नदीचा हिशेब आहे. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं तेव्हा त्यात सात हजार दशलक्ष घनफुटांच्या वर पाणी मावत होतं, गाळ साचून ते आता साडेपाच हजारांच्या थोडं वर येऊन टेकलंय. घाटाच्या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. काठ बांधले गेले, नासर्डी आणि वालदेवी या उपनद्यांच्या कडेला कॉलन्या उभ्या राहिल्या, जिथं पाऊस मुरायचा तिथं पेव्हर ब्लॉक आले. एकोणसत्तरमध्ये जेवढं पाणी खांबाच्या त्या खुणेपर्यंत चढलं, तेवढंच आज सोडलं तर ते कुठे थांबेल हे खांबाला विचारून कळणार नाही.

कोल्हापूरकरांचं मला कौतुक वाटतं ते इथं. पावसाळ्यात कोल्हापुरात कोणी 'राधानगरीतून किती क्युसेक' यावर थांबत नाही, 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट?' असं विचारतात. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाची ४० आणि ४५ तशीच. फूट ही माणसाच्या मापाची गोष्ट आहे. आयर्विनच्या आकड्याबरोबर आधी सूर्यवंशी प्लॉट, मग दत्तनगर, मग पुढे कोण, हे सांगलीकर न अडखळता सांगतात. आकडा आणि पत्ता यांची गाठ बसली आहे. आपल्याकडे आकडा धरणावर आणि पत्ता घाटावर, मध्ये मारुती एकटा उभा.

पण सांगलीनेच दुसरी बाजूही दाखवली, ती लपवण्यात अर्थ नाही. २००५ चा पूर तिथं घराघरांच्या भिंतींवर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी सामान उचललं ते २००५ च्या खुणेच्या वर ठेवलं आणि निवांत बसले. पाणी आयर्विनला ५७ फुटांवर गेलं. म्हणजे आमच्या वडिलांचा खांबावरचा विश्वास तिथं गावच्या गाव बाळगून होतं, फक्त त्यांच्या वाट्याला खुणेच्या वरचा पूर आला.

म्हणून भिंतींवर खुणा करा एवढं म्हणून माझं भागत नाही. नुसती सर्वांत वरची खूण केली की लोक तिला छत समजतात. खुणा करायच्या तर एकाच खांबावर सगळ्या करा: १९६९, २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९, म्हणजे पूर कधी येतो आणि किती वेगवेगळ्या उंचीने येतो ते दिसेल. त्यांच्या वर सरकारने नकाशावर आखलेली निळी आणि लाल पूररेषा त्या जागी जिथं येते तीही काढा. आणि शेजारी, वेगळ्या रंगात, नाल्याचं पाणी. हे सगळं विजेच्या खांबांवर, शाळेच्या कुंपणांवर, रिक्षा थांब्यांवर. मग जलसंपदा विभागाच्या निरोपात क्युसेकपुढे एक ओळ वाढवा: इतका विसर्ग राहिला तर होळकर पुलापाशी पाणी इतक्या फुटांवर, इतक्या वाजता, अ गटातल्या गल्ल्यांनी आत्ता निघावं, ब गटाने सामान उचलावं. माझ्या बहिणीला जे एक अक्षर ठाऊक होतं ते माझ्या गल्लीला का नसावं? यासाठी लागणारा अभ्यास नव्याने करायचा म्हटला तरी आकाशातून काही आणायचं नाही. पूररेषा आखायला नदीचे छेद, उंचीचे आकडे आणि विसर्गाचे अंदाज लागतात. ज्या कागदावरून बांधकामाची परवानगी नाकारायची त्याच कागदावरून इशारा का देता येऊ नये?

यावर पहिला आक्षेप कोणीही उघड घेत नाही, पण खरा तोच आहे. भिंतीवर पुराची खूण आली की जागेचा भाव पडतो. २००८ नंतर आपल्याकडे पूररेषांवरून काय रणकंदन झालं ते आठवा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नको. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोहोंच्या मध्ये अटी पाळून. गावठाणातल्या वाडेवाल्यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. वाडा शंभर वर्षांपासून उभा, आणि आज तो पाडून नवा बांधू म्हटलं तर जागाच निळ्यात. त्यांच्या रागाकडे कानाडोळा करून कुठलीही पूरयोजना चालणार नाही. त्यांना मोबदला, नाहीतर दुसरीकडे बांधायचा हक्क द्यावाच लागेल. पण या भांडणात एक गोष्ट बुडाली. रेषा म्हणजे बांधकाम खात्याचा त्रास, एवढंच लोकांच्या मनात राहिलं. रेषेच्या आत जो राहतो त्याला पाणी कधी गाठेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही. रेषा नकाशावर आहे, गल्लीत नाही.

त्यातून 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी घोळ घातला तो वेगळाच. ऐकणारा म्हणतो, एकोणसत्तरला आला, म्हणजे आता आपल्या हयातीत नाही. त्याचा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि मागच्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सव्वीस टक्के निघते, निळ्या रेषेपर्यंत सत्तर. कर्ज देणारा हा हिशेब सांगत नाही, विकणारा तर नाहीच. घर घेणाऱ्याने तो कुठून काढावा? खूण झाकून भाव टिकवायचा म्हणजे नुकसान नवख्याच्या गळ्यात मारायचं, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सारखे इशारे दिले, अक्षरं वाटली, आणि पूर आलाच नाही तर? लोक लांडगा आला रे आला म्हणतील. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं तेव्हा ते पुढे नाशिककडे येणार म्हणून आपण सगळे खिडक्या लावून बसलो होतो. आमच्या कॉलनीत एक गुलमोहर पडला, रात्रभर वीज नव्हती, इतकंच. दुसऱ्या दिवशी विनोद फिरू लागले. कोकणात त्याच वादळाने नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या होत्या, हे आमच्या विनोदांत नव्हतं.

ओडिशाने या आक्षेपाला उत्तर दिलंय. १९९९ च्या महावादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्याला निवारे बांधले, गावोगावी माणसं तयार केली. २०१३ च्या फायलिनला लाखोंनी लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. तिथंही दर वेळी वादळ सांगितल्यासारखं येत नाही. फरक एवढाच, की निवारा जवळ असतो, तिथं जेवण असतं, गुराढोरांचं बघितलं जातं. फुकट गेलेली एक रात्र तिथं फार महाग पडत नाही, म्हणून माणूस पुढच्या वेळीही जातो.

आपल्याकडे ती रात्र महाग आहे. काझीच्या गढीवर जाऊन बघा. मातीचा तो उंच टेकाड गंगेच्या काठी उभा, दर पावसाळ्यात कडा ढासळतो, दर पावसाळ्याच्या तोंडावर रहिवाशांना नोटिसा निघतात. तिथल्या माणसांना धोका कळत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा त्यांच्या घराच्या मागच्या दारातून खाली बघावं. त्यांना कळतं. जायचं कुठे हे कळत नाही. मागे एका पावसाळ्यात मी एका बाईंना विचारलं, "निवाऱ्याला का जात नाही?" त्या म्हणाल्या, "शाळेत न्यायचं म्हणतात. तिथं संडासाला कुलूप, रात्री दिवा नाही, आणि मागं शेगडी-सिलिंडर कोणी नेलं तर भरून देणार कोण?" टँपातही हे थोडंफार असंच होतं. माझ्या बहिणीकडे गाडी होती, हॉटेलला पैसे होते. पेट्रोल पंपांवर इंधन संपलेलं असताना जे निघू शकले नाहीत ते सगळेच काही हट्टी आजोबा नव्हते. तेव्हा अक्षर द्यायचं तर त्या अक्षरासोबत पत्ता द्यावा लागेल, आणि त्या पत्त्यावर पाणी, दिवा, उघडा संडास आणि पहाऱ्याला माणूस. एरवी इशारा म्हणजे पुढे हात वर करायची सोय.

खालच्या अंगाचं तर बोलतच नाही कोणी. नाशकात पूर म्हणजे मारुतीचे फोटो आणि पुलावर कणसं खात उभी असलेली गर्दी. तेच पाणी पुढे निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीला पोहोचतं, दारणा-कडवा त्याला मिळतात, पुलांना पाणवेली अडकतात, पुढे नांदूरमधमेश्वरचा फुगवटा. आपल्याकडे पाणी उतरलं म्हणून आपण दुकानं धुवायला घेतो तेव्हा तिथं द्राक्षबागा आणि घरं पाण्यात असतात. त्यांच्या आठवणी आपल्या गणतीतही नाहीत.

आणि आता कुंभमेळा. २०२७ च्या अमृतस्नानांच्या तारखा जाहीर झाल्या आहेत. पहिलं २ ऑगस्टला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. वर पुरांच्या तारखा दिल्या आहेत त्या पुन्हा एकदा वाचा. २ ऑगस्ट २०१६, ज्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला त्याच दिवशी नाशकात गंगेला पूर होता. ४ ऑगस्ट २०१९. १९ सप्टेंबर २००८. सिंहस्थ श्रावण-भाद्रपदाच्या आसपासच येतो, तो काही कोणी मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेला नाही. पण ज्या दिवसांत आमच्यासारखे काठावरचे लोक मारुतीकडे डोळे लावून असतात, त्याच दिवसांत त्याच मारुतीच्या पायाशी लाखो माणसं उतरणार, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा पुतळा म्हणजे फोटो काढायची जागा एवढंच ठाऊक असणार. २००३ ला नाशकात चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले; तिथं पूर नव्हता, नुसती अरुंद वाट आणि न ओळखीच्या गल्ल्या होत्या. पाऊस लागून राहिलेल्या दिवशी धरण भरलेलं असलं आणि पाणी सोडणं भाग पडलं, तर त्या गर्दीला 'पंधरा हजार क्युसेक' सांगणार का? पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलेलं हवं, कारण शहराला वर्षभर प्यायचं आहे आणि खाली जायकवाडीचाही वाटा आहे. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते किती रिकामं ठेवायचं हा निर्णय आत्ता उघडपणे घ्यायला हवा, आदल्या रात्री बंद खोलीत नव्हे. घाटांचं सुशोभीकरण चाललंय ते चालू द्या. दगडाच्या पायऱ्या बसवताय, त्यांतल्या एखाद्या पायरीवर २०१९ असं कोरलंत तर काय बिघडेल? दिवे बसवताय त्या खांबांवर रंग द्या: लाल पट्ट्याच्या खाली उभे असाल तर भोंगा वाजताच या बाणाकडे चाला. मराठीत, हिंदीत, आणि वाचता न येणाऱ्यासाठी नुसता बाण.

वडील जाऊन आता काही वर्षं झाली. दुकान अजून आहे, गिऱ्हाईक पूर्वीसारखं नाही. गेल्या मे महिन्यात मी वाड्याची साफसफाई काढली तेव्हा त्या सागाच्या खांबावर दुसरी खूण केली. मागच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर. पटाशी मला चालवता येत नाही, म्हणून ऑइलपेंटने. खाली लिहिलं, 'मोरीतून आलेलं, धरण कोरडं असताना.'

शेजारच्या गाळ्याचे काका चहाला आले होते, वडिलांच्या बरोबरीचे. बराच वेळ त्यांनी ती अक्षरं वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "अरे, एवढं आठवडाभर झाकून ठेवशील का? आमचा पुढचा गाळा भाड्याने द्यायचाय, शुक्रवारी माणूस बघायला येतोय. तो इथूनच आत येणार."

मी खांबाला कॅलेंडर टांगलं.